रात्रीचा परवाना

मराठीत पिण्याच्या जागेला शब्द पुष्कळ आहेत, पण त्यांतला एकही माणसाला बसायला खुर्ची देत नाही. 'गुत्ता' म्हटले की उग्र वास येतो, 'अड्डा' म्हटले की मागोमाग पोलीस येतात, 'पिठा' तर आता कोशातच उरला आहे. 'मैफल' आणि 'बैठक' हे शब्द देखणे खरे, पण त्यांना गाणे लागते, निदान सतरंजी तरी लागते. उरतो तो 'बार'. तो इंग्रजीतून आला आणि मराठीत येताच बदनाम झाला. 'काल तो बारमध्ये दिसला' या वाक्यात 'दिसला' याचा अर्थ 'सापडला' असाच होतो.

मला इथे मुंबईतल्या अशा काही जागांविषयी लिहायचे आहे. काहींत मी बसलो, काहींच्या दारापर्यंत गेलो, काहींविषयी नुसते ऐकले. बहुतेक आता उरलेल्या नाहीत. बंद पडलेल्या जागांवर उसासे टाकणे हा आपल्याकडे एक स्वतंत्र साहित्यप्रकारच झाला आहे (इराणी हॉटेलांवर दर पावसाळ्यात एक तरी लेख येतोच), आणि त्या प्रकाराचा मोह मलाही आहे. तरीही या आठवणी काढताना मला वारंवार अडवणारा प्रश्न निराळा आहे. या शहराच्या रात्रीत बसण्याचा परवाना कोणाला होता, आणि तो कोण देत होते?

सुरुवात आपल्या अभ्यासक्रमातूनच करू. फेब्रुवारी १९१९ मध्ये, गडकरी गेल्यानंतर महिनाभराने, 'एकच प्याला' रंगभूमीवर आले. त्यानंतर जवळपास शंभर वर्षे मराठी माणसाने दारूकडे या नाटकाच्या खिडकीतून पाहिले आहे. बालगंधर्वांनी नेसलेले सिंधूचे फाटके लुगडे आपल्या सामूहिक स्मृतीत इतके रुतले आहे की नाटकातली दुसरी गोष्ट आपण पाहायलाच विसरतो. नाटकातले सर्वांत चैतन्याचे, सर्वांत खोडकर गद्य सुधाकरालाही मिळालेले नाही आणि सिंधूलाही नाही. ते मिळाले आहे तळीरामाला आणि त्याच्या आर्यमदिरामंडळाला. मराठी साहित्यातला हा पहिला क्लब. त्याला सभासद आहेत, सभासंकेत आहेत, तत्त्वज्ञान आहे आणि वक्तृत्व आहे. वर्गात हा प्रवेश वाचून दाखवताना मागचे बाकसुद्धा जागे होत असे. गडकऱ्यांना त्या मंडळाचा धिक्कार करायचा होता यात शंका नाही, पण लेखणीने तिथे थोडा जास्त वेळ काढला. आणखी एक तपशील: सुधाकराची वकिलीची सनद रद्द होते तेव्हा तळीराम त्याच्या हाती प्याला देतो. म्हणजे एक परवाना हिरावला गेला म्हणून दुसऱ्या दाराने आत शिरलेला तो माणूस आहे.

परवाना हा शब्द मुंबईच्या पिण्यात खराखुरा आला तो १९४९च्या मुंबई दारूबंदी कायद्याने. १९५० पासून शहरात पूर्ण दारूबंदी झाली. मोरारजी देसाईंचे नाव तिच्याशी कायमचे जोडले गेले. साठच्या दशकात, वसंतराव नाईक मुख्यमंत्री असताना, ती हळूहळू सैल होत गेली. पण कायदा मात्र उठला नाही, तो नुसता वाकला. त्यामुळे आजही महाराष्ट्रात दारू पिणाऱ्याकडे परवाना असावा लागतो, आणि तो परवाना 'आरोग्याच्या रक्षणासाठी' दिला जातो. एका दिवसाचा परवाना मिळे तो देशीसाठी दोन रुपयांना आणि विदेशीसाठी पाच रुपयांना. संध्याकाळी दादरच्या टेबलाभोवती बसलेले आम्ही पाचही जण कायद्याच्या नजरेत रुग्ण होतो, ही कल्पना आमच्यातल्या एका कवीला इतकी आवडली होती की तो पहिल्या घोटाआधी प्रत्येकाची प्रकृती विचारत असे. 'परमिट रूम' हे नाव याच कायद्यातून आले आणि पाटीवर कायमचे चिकटले. सरकारी खात्याच्या भाषेतून निघून इतका जिव्हाळ्याचा झालेला दुसरा शब्द मला आठवत नाही.

दारूबंदीच्या वर्षांविषयी मला जे ठाऊक आहे ते घरात कुजबुजत ऐकलेले. आमची खोली लालबागला. वडील लोअर परळच्या एका गिरणीत साचेखात्यात. त्यांच्या पिढीने 'आंटी'चे घर पाहिले होते. माझगाव, भायखळा, वांद्रे या भागांत ख्रिस्ती बायका स्वयंपाकघरातच नवटाक-पावशेर विकत. बाहेरच्या खोलीत येशूचे चित्र आणि बाक, आतल्या खोलीत रबरी पिशव्या. वडील म्हणत, आंटी उधारी ठेवत असे पण दुसऱ्या नवटाकानंतर घरी हाकलत असे. हे कितपत खरे आणि कितपत नंतर गोड झालेले, ते ते जाणोत. मात्र त्या चोरट्या व्यवहाराला गोड करणारी प्रत्येक आठवण जरा हात आखडता घेऊन सांगावी असे मला वाटते, कारण विषारी हातभट्टी या शहराने पुन्हा पुन्हा पाहिली आहे. जून २०१५ मध्ये मालाडच्या मालवणीत शंभरावर माणसे मेली. स्वस्त आणि सुरक्षित अशी पिण्याची जागा गरिबाला न मिळणे याची किंमत कोण मोजतो, ते त्या यादीतल्या पत्त्यांवरून कळत होते.

त्याच दशकांत चर्चगेटला मात्र निराळी रात्र चालू होती. ती मी पाहिलेली नाही. ती मला सांगितली आमच्या महाविद्यालयाच्या ग्रंथालयात पुस्तकांची बांधणी करणाऱ्या एका वृद्ध गोवेकराने. तरुणपणी ते सॅक्सोफोन वाजवत. धोबीतलावच्या 'कुडा'त राहत. कूड म्हणजे गोव्यातल्या एकेका गावाने मुंबईत आपल्या माणसांसाठी चालवलेली बिऱ्हाडवजा खोली, खाटेपेक्षा पेटीला जास्त जागा. ते म्हणत, सकाळी सिनेमाच्या ध्वनिमुद्रणाला जायचे, संध्याकाळी काळा कोट चढवून हॉटेलात. ताजमहालच्या बॉलरूममध्ये, ग्रीन्स हॉटेलात, पुढे चर्चगेटच्या अॅस्टोरिया हॉटेलातल्या 'व्हेनिस'मध्ये ही मंडळी वाजवत. ट्रंपेटवाला चिक चॉकलेट, म्हणजे आंतोनियो शावियेर वाझ, हा त्यांचा दैवतासमान माणूस. ख्रिस पेरी आणि लॉर्ना यांच्याविषयी बोलताना ते बांधणीची सुई खाली ठेवत. लॉर्ना गाऊ लागली की वेटर ट्रे घेऊन जागच्या जागी उभे राहत, असे त्यांचे म्हणणे. पुढे या दोघांच्या कहाणीवर बेतलेला 'नाचूं-या कुंपासार' हा कोंकणी चित्रपट आला तेव्हा ते हयात नव्हते.

या संगीताशी लालबागच्या पोराचा काय संबंध, असे वाटेल. संबंध आहे, आणि तो मला फार पुढे लक्षात आला. चिक चॉकलेट आणि त्याची माणसे रामचंद्र चितळकरांच्या, म्हणजे सी. रामचंद्रांच्या वाद्यवृंदात वाजवत. १९५१च्या 'अलबेला'त त्यांचा बँड पडद्यावरही दिसतो. आणि त्या चित्रपटाचा नायक-दिग्दर्शक भगवान आबाजी पालव हा गिरणी कामगाराचा मुलगा. अहमदनगर जिल्ह्यातला संगीतकार, गोव्याचा ट्रंपेट आणि दादर-परळच्या चाळीचे पाय, असे ते मिश्रण. चर्चगेटच्या ज्या दारातून आमच्यापैकी कोणाला आत घेतले नसते, त्या दारातून ती लय मागच्या गल्लीने बाहेर पडली आणि गणपतीच्या विसर्जनात आली. भगवानदादांसारखे हात हलवत नाचणारे आमचे शेजारी जॅझवर नाचत होते, आणि ते त्यांना कोणी सांगितले नव्हते. बँजो पार्टीने 'अलबेला'ची चाल धरली की वडील गॅलरीत येत. ते स्वतः कधी नाचले नाहीत. फक्त कठड्यावर दोन बोटे चालत.

आता माझ्या स्वतःच्या जागेकडे येतो. १९८३ मध्ये मी शिकवायला लागलो. संध्याकाळचे वर्ग आटोपून, किंवा विद्यापीठाच्या पेपरांची तपासणी आटोपून, आम्ही काही जण दादर पश्चिमेला स्टेशनपासून चार मिनिटांवरच्या एका परमिट रूममध्ये बसत असू. मालक उडपीकडचे शेट्टी, त्यांना सगळे 'अण्णा' म्हणत. गल्ल्यामागे साईबाबा, लाल दिवा, मोगऱ्याचा हार. सनमायकाची टेबले, त्यांच्या कडा सिगारेटने भाजलेल्या. वरच्या मजल्यावर 'ए.सी. फॅमिली रूम' होती. तिथे कुटुंब मी कधी पाहिले नाही, पण वरचा दर प्रत्येक पेल्यामागे दोन रुपयांनी जास्त होता. खाली पंखा, आणि पंख्याखालचे टेबल आमचे. ओल्ड मंकची क्वार्टर, कधी महिन्याच्या सुरुवातीला लंडन पिल्सनर. चकण्याला खारे शेंगदाणे, उकडलेले चणे, लिंबू पिळलेली काकडी. चकणा फुकट आणि पुन्हा मागता येत असे. आमच्यातले निम्मे लोक जेवण असेच उरकत, हे अण्णांना कळत होते. त्यांनी चण्याची वाटी कधी लहान केली नाही.

त्या टेबलावर एक मुद्रितशोधक होते, एक बँकेतला कवी, एक छापखान्यातला कंपोझिटर, रेल्वेतला एक युनियनवाला आणि मी. कंपोझिटर हा आम्हा सर्वांत चोखंदळ वाचक. तो खिळे उलटे वाचत असल्यामुळे, तो म्हणे, त्याला लेखकाचा खोटेपणा आधी दिसतो. 'कोसला'वर तिथे जितके वाद झाले तितके कोणत्याही परिसंवादात मी ऐकलेले नाहीत. भाऊ पाध्ये यांच्या 'वासूनाका'ला अश्लील ठरवणाऱ्यांनी नाका पाहिला आहे का, हा युनियनवाल्याचा आवडता मुद्दा. 'गोलपिठा' त्याला अर्धा पाठ होता आणि तो आवाज न चढवता म्हणत असे, त्यामुळे शेजारच्या टेबलावरचे सट्टेवालेसुद्धा गप्प होत. विद्यापीठाने नेमलेल्या चर्चासत्रांत आम्ही 'समीक्षा' करत असू. इथे आम्ही एखाद्या ओळीसाठी भांडत असू. माझ्या अध्यापनात जे थोडेबहुत बरे होते ते या सनमायक्यावर शिजले, असे म्हणायला मला संकोच वाटत नाही.

बँकेतला कवी दलित होता. एकदा त्याने सहज म्हटले, "आमच्या गावात माझ्या बापाला चहा वरून ओतून देतात. इथं तुम्ही भटाबामणाचे लोक माझ्याच वाटीतले चणे खाताय. अण्णाला भारतरत्न द्या." आम्ही हसलो. तो पुढे म्हणाला, "पण पाच वर्षांत तुमच्यापैकी एकाचंही घर मी बघितलेलं नाही." त्यानंतर काही वेळ कोणी बोलले नाही. मग कोणीतरी क्वार्टर मागवली. या प्रसंगावर मी अनेकदा विचार केला आहे. परमिट रूममध्ये माणसे एकत्र येत होती हे खरे. ती तिथेच एकत्र येत होती, हेही तितकेच खरे. जातीला बाहेर ठेवणारी ती खोली दीड वाजता शटर ओढून बंद होत असे, आणि आम्ही आपापल्या जातीत झोपायला जात असू.

त्या खोलीत स्त्री नव्हती. एकही नाही. पंधरा वर्षांत एकदा आमची एक प्राध्यापक मैत्रीण आग्रहाने आली. अण्णांनी स्वतः उठून तिला वरच्या फॅमिली रूममध्ये नेले. आमच्या मागे पाच पेल्यांचा दर दोन-दोन रुपयांनी वाढला. ती पुन्हा आली नाही. कुलाब्याच्या माँडेगारमध्ये, मारिओ मिरांडाच्या भिंतचित्रांखाली, किंवा जहांगीर कलादालनातल्या समोवारमध्ये ती एकटी बिअर घेऊन पुस्तक वाचत बसू शकत असे, असे तिचे म्हणणे. म्हणजे मुंबईत स्त्रीला बसायला जागा होती, पण त्यासाठी तिला इंग्रजीत बसावे लागे. (समोवार २०१५च्या मार्चमध्ये बंद झाले. काळा घोड्याचे वेसाइड इन, जिथे अरुण कोलटकर गुरुवारी दुपारी बसत, ते त्याच्या कितीतरी आधी गेले. 'काला घोडा पोएम्स' २००४ मध्ये आले आणि त्याच वर्षी कवीही गेला. या जागांवर पुष्कळ आणि चांगले लिहिले गेले आहे, म्हणून इथे थांबत नाही.)

ज्या मराठी-हिंदी मुंबईत आम्ही बसत होतो तिथे स्त्रीला जागा मिळाली ती टेबलापाशी नव्हे, टेबलांच्या मधल्या मोकळ्या जागेत. नव्वदच्या दशकात डान्सबार सर्वत्र झाले. मी तीन-चारदा गेलो असेन. आरसे, धूर, कर्कश ध्वनिक्षेपक, आणि पडद्यावरच्या गाण्यांवर नाचणाऱ्या मुली. त्या नाचण्याविषयी दोन्ही बाजूंनी इतके अतिरंजित बोलले गेले आहे की मी पाहिलेले सांगतो. बहुतेक मुली पायांपेक्षा जास्त डोळ्यांनी नाचत, आणि बराच वेळ नुसत्या उभ्या असत. चित्रपटातल्या नृत्याहून तिथे कपडे अधिक होते. दुःखी माणसे पुष्कळ येत. नोटा उधळणाऱ्यांतला एक दुकानदार आमच्या ओळखीचा निघाला आणि आम्हाला पाहून त्याने नोटांची गड्डी पिशवीत परत ठेवली.

२००५ मध्ये राज्य सरकारने पोलीस कायद्यात दुरुस्ती करून डान्सबार बंद केले. १५ ऑगस्टपासून. मुहूर्त कोणी निवडला ते सांगता येणार नाही, पण निवडणाऱ्याला उपरोधाची जाण नसावी. गृहमंत्री आर. आर. पाटील यांची भूमिका तरुण पिढी आणि उद्ध्वस्त संसार यांच्याभोवती फिरत होती. ती ऐकताना सिंधूचे लुगडे डोळ्यांपुढे यावे अशीच तिची भाषा होती. त्या भाषेतली कळकळ खोटी होती असे मी म्हणणार नाही. लालबागमध्ये वाढलेल्या माणसाने तसे म्हणू नये. पण कायद्यातले एक कलम वाचण्यासारखे होते. तीन किंवा अधिक तारे मिळालेली हॉटेले, जिमखाने आणि सभासदांचे क्लब यांना बंदीतून सूट होती. तेच नृत्य, तेच मद्य, तीच रात्र. फरक दारावरच्या ताऱ्यांचा. उच्च न्यायालयाने एप्रिल २००६ मध्ये बंदी रद्द केली. सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०१३ मध्ये तो निर्णय कायम ठेवला, आणि श्रीमंतांची करमणूक शालीन व गरिबांची अश्लील या गृहीतकालाच हात घातला. विधिमंडळाने २०१४ मध्ये बंदी पुन्हा आणली, २०१६ मध्ये नवा कायदा केला. जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने त्यातल्याही अनेक अटी काढून टाकल्या. नोटा उधळण्यावरची बंदी राहिली, बक्षीस देण्याची मुभा मिळाली. तोपर्यंत चौदा वर्षे झाली होती. नाचणाऱ्या पायांना चौदा वर्षे म्हणजे काय, ते वेगळे सांगायला नको. ज्या जागा टिकल्या त्या 'ऑर्केस्ट्रा बार' झाल्या: मुलींनी गायचे, नाचायचे नाही.

आपल्याकडे हे नवे नव्हते. स्वातंत्र्यानंतर लगेचच मुंबई सरकारने अश्लीलतेच्या कारणाने तमाशावर बंदी घातली होती. ती पुढे उठली, आणि आज लावणीवर आपण प्रबंध लिहितो, तिला 'लोककला' म्हणतो, विद्यापीठात तिचा पेपर लावतो. बारमध्ये नाचणाऱ्या अनेकजणी राजस्थान, मध्य प्रदेश, उत्तर प्रदेशातल्या नाचगाण्यावर पिढ्यान्‌पिढ्या जगलेल्या जमातींतून आलेल्या होत्या, असे अभ्यासकांनी दाखवले आहे. म्हणजे त्याही एका परंपरेच्या वारस होत्या. फक्त ती परंपरा शंभर वर्षांनी जुनी व्हायची होती.

जुलै २००५ मध्ये द्वितीय वर्षाच्या वर्गात या बंदीवर चर्चा झाली. मुलग्यांपैकी बहुतेक बंदीच्या बाजूने बोलले. मुली बऱ्याचशा गप्प होत्या. शेवटच्या बाकावरची एकजण, जी एरवी ग्रेसवर फार चांगले लिहीत असे, उठली आणि तिने इतकेच विचारले, "सर, बार बंद झाल्यावर फी माफ होते का?" वर्ग हसला, कारण प्रश्न असंबद्ध वाटला. दिवाळीनंतरच्या सत्रात ती आली नाही. तिची मोठी बहीण मिरा रोडला कुठेतरी कामाला जात असे, एवढे नंतर कळले. कार्यालयातून पत्ता घेऊन मी गेलो तेव्हा खोलीला कुलूप होते, आणि शेजारी म्हणाले, गावाला गेले. कोणते गाव, ते कोणाला माहीत नव्हते. सिंधूवर परीक्षेत दरवर्षी प्रश्न येत राहिला. संसार उद्ध्वस्त होण्याची ही दुसरी तऱ्हा बसवायला उत्तरपत्रिकेत जागा नव्हती.

गिरण्यांकडे वळतो. १८ जानेवारी १९८२ रोजी डॉ. दत्ता सामंत यांच्या नेतृत्वाखाली सुमारे अडीच लाख कामगार संपावर गेले. तो संप कधी औपचारिकपणे मागे घेतला गेलाच नाही. वडिलांच्या गिरणीचा भोंगा थांबला तो थांबलाच. त्यांचा पगार तेव्हा सातशेच्या आसपास होता. नंतर ते एका सोसायटीत रखवालदार झाले. पिणे कमी झाले नाही, फक्त जागा बदलली. नाक्यावरच्या देशी दारूच्या दुकानात उभ्याने 'संत्रा' घ्यायची आणि निघायचे. 'बसणे' परवडत नव्हते. आमच्याकडे 'काल बसलो होतो' हा पिण्याला पर्यायी शब्दप्रयोग आहे. तो निघाला ज्यांना खुर्ची मिळते त्यांच्यात.

गिरण्यांच्या जमिनीचे काय झाले ते सर्वांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. १९९१च्या विकास नियमावलीतल्या ५८ क्रमांकाच्या नियमाने त्या जमिनीत महापालिका, म्हाडा आणि मालक असे तीन वाटेकरी ठरवले होते. २००१च्या दुरुस्तीने हिशेब फक्त मोकळ्या जमिनीपुरता आखला आणि पहिल्या दोघांचा वाटा आक्रसला. २००६ मध्ये सर्वोच्च न्यायालयात ही दुरुस्ती टिकली. उरलेल्या जागेत काचेचे मनोरे, दुकाने आणि रात्रीचे क्लब आले. फिनिक्समध्ये आधी, मग मथुरादासमध्ये, मग कमलामध्ये. मथुरादास मिलच्या आवारात २००७ मध्ये 'ब्लू फ्रॉग' उघडले आणि २०१६ मध्ये बंद झाले. त्या नऊ वर्षांत तिथे जे संगीत ऐकायला मिळाले त्याला तोड नव्हती, हे कबूल करावे लागेल. माझा एक माजी विद्यार्थी मला तिथे घेऊन गेला होता. गोल कोनाड्यांसारख्या बैठका, मधोमध मंच, आणि मंचावर सॅक्सोफोन. मला ग्रंथालयातले ते वृद्ध बांधणीकार आठवले. जॅझ चर्चगेटहून निघून साठ वर्षांनी गिरणगावात पोचला होता. पोचेपर्यंत गिरणगाव निघून गेले होते.

दारावर दोन धिप्पाड माणसे होती. माझ्या चपलांकडे पाहून त्यांच्यापैकी एकजण अडखळला. विद्यार्थ्याने इंग्रजीत काही सांगितल्यावर त्याने बाजूला होऊन "या काका" म्हटले. बोलीवरून तो मालवणकडचा वाटला. मी विचारले, राहायला कुठे? म्हणाला, "इथेच, डिलाइल रोडला. बाबा मिलमध्ये होते."

२९ डिसेंबर २०१७च्या मध्यरात्री, नुकतीच तारीख बदलली असताना, कमला मिल आवारातल्या गच्चीवरच्या दोन पबना आग लागली आणि चौदा माणसे गेली. त्यांत बहुतेक तरुण स्त्रिया होत्या. दुसऱ्या दिवशी काही लोक म्हणाले, इतक्या रात्री मुलींनी तिथे कशाला जावे? रात्री जळून मेलेल्या मुलीला परवाना विचारणारा हा आवाज मला ओळखीचा वाटला. गच्चीवरच्या बांधकामाचे परवाने कोणी कसे दिले, हा प्रश्न त्या मानाने हळू आवाजात विचारला गेला.

आमची दादरची परमिट रूम २००९ मध्ये बंद झाली. अण्णांची मुले मंगळुरूला अभियंते झाली होती. तिथे आता मोबाइलचे दुकान आहे. कंपोझिटर त्याआधीच गेला. त्याचा छापखाना आणि तो एकाच वर्षी. करोनाच्या टाळेबंदीत, मे २०२० मध्ये, सरकारने दारू घरपोच द्यायला परवानगी दिली, आणि शहराने एकट्याने प्यायला शिकण्याचा जो अभ्यासक्रम आधीच सुरू केला होता तो पूर्ण झाला. बँकेतल्या कवीचा मला फोन येतो. तो नवी मुंबईत राहतो. त्याचे घर मी पाहिले आहे, माझे त्याने. दोघेही आता पीत नाही, चणे मात्र असतात.

माझ्या पुतणीचे कार्यालय लोअर परळला आहे. शुक्रवारी संध्याकाळी ती आणि तिच्या मैत्रिणी वडिलांच्या जुन्या गिरणीच्या जागेवरच्या एका पबमध्ये बसतात. बिअरसाठी वयाची एकवीस आणि कडक दारूसाठी पंचवीस वर्षे ही अट ती केव्हाच ओलांडून गेली आहे, त्यामुळे कायदा काही म्हणत नाही. तिने हे आजीपासून लपवले नाही. आई तेव्हा सत्त्याऐंशी वर्षांची होती. तिने आधी कोणते गेट ते विचारले. पुतणीने सांगितल्यावर म्हणाली, "त्याच गेटावर आम्ही पगाराच्या दिवशी उभ्या राहायचो. पाकीट हातात येईपर्यंत हलायचं नाही. पाऊस असला तरी."

"आत नाही जायचीस, आजी?"

"आत कुठं? बायकांना आत काय काम?" मग थोडा वेळ थांबून, "आता बसायला देतात तुम्हांला?"

"देतात की."

"खुर्ची असते?"

"सोफा असतो."

आईने मग बिल किती होते ते विचारले. पुतणीने जो आकडा सांगितला तो खऱ्याच्या निम्मा होता. तरी आईला तो पटला नाही. आपली थट्टा चाललीय असे समजून ती हसली आणि निवडायला घेतलेले तांदूळ पुढे ओढले.